बसून खेळलं तर मार्क कमी का? व्हीआर, व्यायाम आणि व्हीलचेअर

व्हीआर हेडसेटवर एक भाग कर, असे मेसेज बरेच दिवस येतायत. करतोय. पण "दादा, कोणता घेऊ?" या प्रश्नाचं उत्तर आज मिळणार नाही, ते यूट्यूबवर ढिगाने आहे. आजचा प्रश्न वेगळा आहे. ज्या मुलाला किंवा मुलीला उभं राहता येत नाही, किंवा एक हात नीट वळत नाही, त्यांच्यासाठी हे व्हीआरमधले व्यायामाचे गेम खरंच व्यायाम आहेत का? आणि गेम लिहिणाऱ्या आमच्यासारख्या कोडवाल्यांनी त्यांचं शरीर डोक्यात ठेवलंय का?

मला यात इंटरेस्ट का, ते आधीच सांगतो. माझी मावसबहीण सांगलीला असते, अकरावीत आहे. नाव सांगत नाही, कारण तिनेच बजावलंय की "दादा, माझी स्टोरी करायची असेल तर कर, पण मला प्रेरणादायी बनवू नकोस." तिला सेरेब्रल पाल्सी आहे, त्यातला स्पास्टिक डायप्लेजिया हा प्रकार. म्हणजे स्नायू मुळात ठीक असतात, पण मेंदूकडून त्यांना जाणारे सिग्नल बिघडलेले असतात, त्यामुळे पाय सतत ताठ राहतात. हातांवर परिणाम कमी असतो. तिचा डावा हात उजव्यापेक्षा थोडा आडमुठा आहे (हा शब्द तिचाच). घरात वॉकर, बाहेर व्हीलचेअर.

शाळेत पीटीच्या तासाला ती काय करायची? बसायची. मैदानाच्या कडेला, सावलीत, सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळत. शाळेने "सूट" दिली होती. हा शब्द मला फार गमतीशीर वाटतो. सूट म्हणजे जणू काही उपकार. गणिताच्या तासाला कोणाला कच्चा आहे म्हणून सूट देत नाहीत, उलट जास्त तास लावतात. आणि जिला व्यायामाची सगळ्यात जास्त गरज आहे, तिलाच व्यायामातून सूट.

गरज जास्त आहे हे मी भावनेच्या भरात बोलत नाहीये. वयात येताना हाडं भराभर वाढतात, आणि ताठ स्नायू त्या वेगाने लांबत नाहीत. त्यामुळे सांधे आखडायला लागतात. लहानपणी वॉकर घेऊन बऱ्यापैकी चालणारी मुलं पंधरा-सोळाव्या वर्षी कमी चालायला लागतात, हे या प्रकारात नेहमी दिसतं. आणि नेमकं त्याच वेळी आपल्याकडे काय होतं? दहावी. क्लास सकाळी, क्लास संध्याकाळी, फिजिओथेरपी बंद. मावशीकडे हेच झालं. मावशीला दोष देत नाही, दिवसाचे तास तेवढेच असतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये शारीरिक हालचालींबद्दलच्या मार्गदर्शक सूचना नव्याने काढल्या. त्यात पहिल्यांदाच अपंगत्व असलेल्या मुलांसाठी आणि मोठ्यांसाठी वेगळ्या शिफारसी आल्या. ५ ते १७ वयाच्या मुलांसाठी आकडा काय? दिवसाला सरासरी ६० मिनिटं, मध्यम ते जोरदार हालचाल. म्हणजे इतर मुलांना जेवढा, तेवढाच. सूट नाही! आता सांगा, सांगलीत व्हीलचेअरवरच्या अकरावीतल्या मुलीने रोज तासभर घाम येईल असं काय करायचं? पोहण्याचा तलाव आहे, पण कपडे बदलायच्या खोलीला तीन पायऱ्या आहेत. जिममध्ये लिफ्ट नाही. रस्त्यावर व्हीलचेअर फिरवायची तर आपले रस्ते तुम्हाला माहीत आहेतच.

आणि हे त्या सांगली जिल्ह्यात, जिथल्या मुरलीकांत पेटकरांनी १९७२ मध्ये जर्मनीत हायडेलबर्गला पोहण्यात भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण मिळवलं. "चंदू चॅम्पियन" पाहिला असेल तुम्ही. सिनेमा पाहून आपण टाळ्या वाजवतो आणि तीन पायऱ्या तशाच राहतात. असो. हा वेगळा भाग होईल.

तर व्हीआर. दिवाळीत माझ्या एका मित्राने अमेरिकेतून आणलेला क्वेस्ट टू मी चार दिवस मागून घेतला आणि सांगलीला नेला.

हे काम कसं करतं ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. हेडसेटवर बाहेर बघणारे चार कॅमेरे असतात. ते खोली बघून तुमचं डोकं कुठे आहे ते काढतात. हातातल्या कंट्रोलरमध्ये डोळ्यांना न दिसणारे इन्फ्रारेड दिवे असतात, ते कॅमेऱ्यांना दिसतात. शिवाय डोक्यात आणि हातात दोन्हीकडे आपल्या फोनमध्ये असतात तसेच जायरोस्कोप आणि ॲक्सेलरोमीटर. एवढ्यावर सगळा खेळ चालतो. लक्षात घ्या, पाय कुठेच नाहीत. हेडसेटला तुमचे पाय माहीतच नसतात. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या बघितलं तर व्हीआर हा व्हीलचेअरवरच्या माणसासाठी अगदी फिट्ट खेळ असायला हवा. कंबरेच्या वरचाच खेळ आहे हा!

मग घोडं अडतं कुठे? गेमच्या नियमांत.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण घेऊ, बीट सेबर. प्राग शहरातल्या एका छोट्या टीमने २०१८ मध्ये काढलेला गेम. गाणं चालू, समोरून ठोकळे येतात, दोन हातांत दोन तलवारी, तालावर ठोकळे कापायचे. मध्येच भिंती येतात, तेव्हा खाली वाकायचं किंवा बाजूला सरकायचं. व्हीलचेअरवर खाली वाकणार कसं? बरं, गेममध्ये सोय आहे. सेटिंगमध्ये जाऊन भिंती बंद करता येतात, एकाच हाताने खेळायचा प्रकार आहे, गाण्याचा वेग कमी करता येतो, तुमची उंची टाकता येते. पण भिंती बंद केल्या की स्कोअरचा गुणक कमी होतो. वेग कमी केला की आणखी कमी होतो. गेमच्या दृष्टीने तुम्ही "सोपं" केलंत ना! चालणाऱ्याला ते सोपंच असतं. न चालणाऱ्याला मात्र तेव्हा कुठे गेम सुरू होतो.

आणखी खोलात जाऊ, कारण मला यात मजा येते. एका ठोकळ्याला जास्तीत जास्त ११५ गुण. त्यातले ७० कशाचे? कापायच्या आधी हात किमान १०० अंशांतून फिरला तर. ३० मिळतात कापल्यावर पुढे ६० अंश गेला तर. आणि मधोमध कापलं तर फक्त १५. म्हणजे तालाचा कान आणि नेम पक्का असलेल्या पण हात पूर्ण न फिरणाऱ्या मुलीला गेम ठरवतो कच्ची. डिझायनरचा हेतू वाईट नाही. लोकांनी नुसतं मनगट हलवू नये, जोरात हात फिरवावा म्हणून हा नियम आहे, आणि त्याचमुळे हा गेम व्यायाम होतो. पण १०० अंश कोणाच्या खांद्याचे? नियम लिहिताना समोर एक शरीर गृहीत धरलं गेलं, बस्स.

वेगाचं तर आणखी अवघड आहे. स्पास्टिसिटीची गंमत अशी की स्नायू जितक्या झटक्याने ताणाल तितका तो जास्त विरोध करतो. हळू ताणला तर मोकळा होतो. म्हणजे फास्ट गाण्यावर झटके मारणं हे अशा हातासाठी नुसतं कठीण नाही, उलट हात आणखी ताठ करणारं आहे. फिजिओ मॅडमनी आम्हाला फोनवर स्पष्ट सांगितलं, हळू आणि मोठी हालचाल करा. आणि गेम म्हणतो, हळू खेळलात तर गुण कमी. डॉक्टरी सल्ला पाळल्याचा दंड!

ती तरीही खेळली. अशाच एका तालाच्या गेममध्ये पहिल्या दिवशी वीस मिनिटं, कपाळावर घाम, केस चिकटलेले. हेडसेट काढल्यावर पहिलं वाक्य, "खुर्चीचे हात काढ, कोपर आपटतंय." आर्मरेस्ट काढले. दुसऱ्या दिवशी स्कोअरच्या यादीत स्वतःचं नाव तळाला बघून म्हणाली, "मी चुकले म्हणून कमी असते तर चाललं असतं."

हे वाक्य मी पुण्याला परत येताना डोक्यात घेऊन आलो.

आता आमच्या बाजूचा, इंजिनिअरचा प्रश्न. उपाय वरवर सोपा आहे. सुरुवातीला अर्धा मिनिट हात फिरवायला सांगायचे, प्रत्येक हात कुठवर पोचतो ते मोजायचं आणि गेमचं जग त्या मापात बसवायचं. डावा हात तीस सेंटिमीटर जातो, उजवा साठ, तर डाव्याच्या हालचालीला दोनने गुणा. कोडच्या चार ओळी. पोलंडमध्ये बनलेलं वॉकिनव्हीआर नावाचं सॉफ्टवेअर याच धर्तीचं काम करतं. हाताची पोच वाढवून देतं, बटणाने जागा बदलता येते, बाजूला बसलेला माणूस मदत करू शकतो. अडचण एवढीच की त्याला कॉम्प्युटरवर चालणारं व्हीआर लागतं, म्हणजे ग्राफिक्स कार्डवाला पीसी आला. सांगलीच्या हॉलमध्ये तो नव्हता.

पण खरा गुंता त्या गुणाकारातच आहे. दोनने गुणलं, गेम बरोबरीचा झाला. चारने गुणलं, आणखी सोपा झाला. दहाने गुणलं की बोट हलवून जिंकता येतं, आणि मग व्यायाम शून्य! फिजिओला हवं असतं की हात रोज एक बोटभर जास्त लांब जावा. खेळणाऱ्याला हवं असतं जिंकणं. गुणक कमी ठेवला तर ती हरते आणि गेम बंद करते. जास्त ठेवला तर खेळते पण हात तिथेच राहतो. मला वाटतं, अशा गेममधला सगळ्यात महत्त्वाचा आकडा हाच आहे, आणि तो प्रोग्रॅमरने एकट्याने ठरवू नये. तो स्क्रीनवर दिसला पाहिजे, खेळणाऱ्याला आणि तिच्या फिजिओला बदलता आला पाहिजे, आणि त्याच्यासाठी एकही गुण कापला जाऊ नये. माप स्वतःच्या कालच्या पोचेशी लावा, एवढंच.

हे सगळं मला सुचलं असं समजू नका. कॅनडात क्वीन्स युनिव्हर्सिटी आणि टोरोंटोच्या हॉलंड ब्लूरव्ह्यू रुग्णालयातल्या लोकांनी सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी लिबेरी नावाचा गेम केला होता, २०१३ च्या सुमारास त्यावर पेपर आले. त्यात हेडसेट नव्हता, मुलं मागे टेकून चालवायच्या सायकलवर पेडल मारायची आणि स्क्रीनवरचं पात्र पळायचं. माझ्या बहिणीच्याच गटातली मुलं, वॉकर घेऊन चालणारी. तोवर समजूत अशी होती की या मुलांना वेगवान ॲक्शन गेम झेपणार नाहीत, त्यांना सावकाश काहीतरी द्यावं. या टीमने मुलांनाच सोबत बसवून गेम बनवला आणि वेगवान गेमही जमतात हे दाखवलं. चूक झाली तर शिक्षा कमी ठेवायची, नेमकं टायमिंग मागायचं नाही, आणि ज्याचे पाय जोरात चालतात आणि ज्याचे नाही त्यांच्यात समतोल साधायचा, असले उपाय. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे मुलं आपापल्या घरून, इंटरनेटवर, एकमेकांशी बोलत खेळायची. या गोष्टीकडे पुन्हा येतो.

हेडसेट चार दिवसांनी परत द्यावा लागला. नवीन घ्यायचा तर अमेरिकेतली सुरुवातीची किंमतच २९९ डॉलर होती, वर आणायचा खर्च. मावशीच्या घरात त्या पैशात आधी व्हीलचेअरची नवी गादी येईल. आणि ते बरोबरच आहे. म्हणून मी फोनकडे वळलो. गुगलचं मीडियापाइप फुकट मिळतं. फोनच्या कॅमेऱ्यातून तुमच्या शरीरावरचे ३३ बिंदू काढून देतं, खांदा, कोपर, मनगट वगैरे. फोन टीव्हीला जोडला, समोर टेबलावर ठेवला, झालं. याला व्हीआर म्हणायचं की नाही यावर कमेंटमध्ये भांडा.

इथेही तीच कथा. मॉडेलला व्हीलचेअर नीट कळत नाही. चाकांमागे पाय झाकले गेले की ते गुडघे अंदाजाने कुठेही ठेवतं, एकदा तर चाकाच्या आऱ्यांवर ठेवले. पण प्रत्येक बिंदूसोबत तो किती दिसतोय याचा आकडाही येतो, त्यामुळे मी कंबरेखालचे बिंदू सरळ फेकून दिले. वॉकर धरून उभी राहिली तर हात वॉकरवर अडकतात, म्हणून गेम फक्त बसून.

गेम कसला करायचा ते तिने ठरवलं. ढोल. दरवर्षी गणपतीच्या आधी त्यांच्या गल्लीच्या टोकाला पथकाची प्रॅक्टिस चालते आणि ही गॅलरीतून बघते. ढोल कमरेला बांधून तासन्‌तास उभं राहायचं असतं, त्यामुळे पथकात जाणं हा विषय घरात कधी निघालाच नाही. आता टीव्हीवर ढोल आहे. उजव्या हाताने टिपरूचा टोल, त्यासाठी हात पूर्ण मागे ओढायचा. डाव्याने थापी, छोटी हालचाल पण हळूहळू उघडत जाणारी. हात मागे ओढण्यावर भर मुद्दाम दिलाय. व्हीलचेअर ढकलणाऱ्यांचे खांदे दिवसभर पुढे ढकलायचं काम करतात आणि तिथेच दुखतात. बाजारातले बॉक्सिंगचे गेम पुन्हा पुढेच ठोसे मारायला लावतात. मागच्या बाजूचे स्नायू उपाशीच. हे मला फिजिओ मॅडमनी सांगितलं, स्टॅक ओव्हरफ्लोवर मिळालं नसतं.

ऐकणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी असं कोणी असेल तर चार गोष्टी नीट ऐका. एक, व्हीलचेअरचे ब्रेक लावा. हेडसेट घातल्यावर माणूस भान विसरून पुढे झुकतो, मागे रेलतो, खुर्ची उलटू शकते. जवळ कोणीतरी हवंच. दोन, फिट्स येत असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हेडसेट नको, चमकणारे दिवे आणि फिट्स यांचं नातं आहे, आणि सेरेब्रल पाल्सीत फिट्सचं प्रमाणही जास्त असतं. क्वेस्ट टू अर्धा किलोचा आहे, मान कमजोर असेल तर तेवढंही फार होतं. मणक्याला इजा झालेल्या आणि खाली संवेदना नसलेल्या मुलांनी तर गजर लावूनच खेळा. खेळात तास कधी जातो कळत नाही आणि एकाच जागी दाब राहिला की जखम होते, ती दुखतही नाही. अशा काही जणांची नाडी मेहनतीच्या प्रमाणात वाढतच नाही, त्यामुळे घड्याळातल्या हार्ट रेटवर जाऊ नका. बोलता येतंय पण गाता येत नाही, इतपत दम लागला की समजा व्यायाम होतोय. आणि ड्युशेनसारखा स्नायूंचा आजार असेल तर "अजून थोडं, अजून थोडं" हे धोक्याचं आहे, तिथे दमवणारा व्यायाम स्नायूंचं नुकसान करतो. चार म्हटलं होतं, जास्त झाल्या, चालायचंच.

मग फायदा झाला का? संशोधनाचं सांगायचं तर मुलांवरचे अभ्यास बरेचसे छोटे आहेत. स्ट्रोक झालेल्या मोठ्या माणसांवरचा एक मोठा आढावा २०१७ मध्ये आला, ७२ चाचण्या, २४७० माणसं. हातासाठी व्हीआर नेहमीच्या थेरपीपेक्षा सरस नाही, पण थेरपीला जोड म्हणून दिलं, म्हणजे एकूण वेळ वाढला, तर उपयोग दिसतो. मला हे पटतं. जादू गॉगलमध्ये नाही, मिनिटांमध्ये आहे. आमच्या घरचं सांगायचं तर हात आणि पाठ सुधारली असं मॅडम म्हणतात. मांडीमागच्या स्नायूंना ढोलाचा काडीचा उपयोग नाही, ते ताणायचा व्यायाम मावशी रोज रात्री करून घेते, आणि तो कंटाळवाणाच आहे.

आणि दोन महिन्यांनी ढोलही कंटाळवाणा झाला. आठवड्यातून चारदा खेळायची ती एकदा, मग तेही नाही. मी नवे ठेके टाकले, रंग बदलले, काही उपयोग नाही. मग एका रविवारी तिची मैत्रीण घरी आली, चालणारी, धावणारी मैत्रीण. तिला खुर्चीत बसवलं, तिचं माप घेतलं, आणि दोघी आळीपाळीने खेळल्या. प्रत्येकीचा स्कोअर तिच्या स्वतःच्या पोचेवर. माझी बहीण जिंकली, मैत्रिणीचा ताल कच्चा निघाला. तिने एकही गुण सोडला नाही, सोडायची गरजच नव्हती. त्यानंतर मैत्रीण तीन रविवार आली, "आज हरवतेच" म्हणत.

आता मागणी अशी आहे की मैत्रीण तिच्या घरून आणि ही हिच्या घरून, एकत्र ढोल वाजवता आला पाहिजे. इथे मी अडकलोय. गप्पा मारताना आवाज एखाद्या दशांश सेकंदाने उशिरा आला तर कळत नाही, पण ढोलात कळतो, ठेका फाटतो. सध्या असं करतोय की ठेका दोन्ही फोनवर आपापला वाजतो, समोरचीचा टोल आवाजाने न येता फक्त दिसतो, आणि ओळ संपली की दोघींचे गुण एकत्र येतात. काल रात्री टेस्ट केलं. तिचं म्हणणं, मैत्रिणीचा आवाज येत नाही तोवर हे पथक नाही. कोणी नेटवर्किंगवर काम करत असेल तर मेसेज करा, मला खरंच मदत हवी आहे. गणपतीपर्यंत वेळ आहे.